पितळेच्या गावातली अ‍ॅल्युमिनियमची डबी

भंडारा हे नाव 'भाणा' या शब्दावरून आलं असावं, असं इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरने नोंदवून ठेवलंय. भाणा म्हणजे पितळेचं ताट. ही व्युत्पत्ती खरी असो नसो, गावाला ती शोभते, कारण भंडाऱ्याची ओळख आजही पितळी भांड्यांचं गाव अशीच आहे. त्याच गावातल्या टेबलांवर आता अ‍ॅल्युमिनियमची एक छोटी डबी दिसते. आत २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी एसएसडीची पट्टी, बाहेर टाइप-सीचं एक भोक, सोबत वीतभर केबल. तिला पुस्तकी भाषेत एन्क्लोजर म्हणतात. दुकानात मात्र एन्क्लोजर मागितलं तर दुकानदार क्षणभर बघत राहतो, 'केसिंग' म्हटलं की लगेच काढून देतो. या लेखात मीही केसिंगच म्हणणार आहे.

कॉम्प्युटरच्या साठवणुकीचा इतिहास सांगताना लोक आकडे सांगतात. इतक्या केबीवरून इतक्या जीबीवर, जीबीवरून टीबीवर. त्यात या डबीला कोणी मोजत नाही. माझं म्हणणं असं आहे की घराघरांतल्या कपाटांत पडलेल्या जुन्या डिस्कचं काय होणार, हे आतल्या जीबींइतकंच डबीवरही ठरतं. आणि भंडारा जिल्ह्यात राहून हे पटायला फार लांब जावं लागत नाही. पवनीला जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. विटांचा स्तूप निघाला, कोरीव अक्षरांचे दगडी कठडे निघाले. महाक्षत्रप रूपिअम्माचा स्मृतिस्तंभही पवनीचाच. अक्षरं ब्राह्मी. दगडावरची माहिती कित्येक शतकं जागच्या जागी होती, एक अक्षर हललं नव्हतं. पण ब्राह्मी वाचता येणारं माणूस उरलं नव्हतं. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ती लिपी उलगडली नसती तर ते दगड नुसते दगडच राहिले असते. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर डिस्क ठीक होती, कंट्रोलर गेला होता.

उलट उदाहरण पुण्याच्या पेशवे दफ्तराचं. तिथे मोडी कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले असतात आणि त्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात. रुमालाची गाठ कोणालाही सोडता येते. आत काय लिहिलंय हे कळायला मोडी लागते, पण बांधणाऱ्याने बांधताना वाचणाऱ्याची अडवणूक केलेली नसते. केसिंग निवडताना माझ्या डोक्यात हा रुमाल असतो.

आता कॉम्प्युटरकडे. १९५६ साली आयबीएमने '३५० रॅमॅक' ही डिस्क आणली तेव्हा बाहेरचा डबा वगैरे प्रश्नच नव्हता. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, वजन टनाच्या घरात, आणि मावायची ती ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या एखाद-दोन फोटोंएवढा ऐवज. डिस्क स्वतःच एक कपाट होती. १९८० साली शुगार्ट यांच्या कंपनीने (पुढे तिचंच नाव सीगेट झालं) सव्वापाच इंची ५ एमबीची डिस्क काढली आणि ती टेबलावरच्या कॉम्प्युटरच्या पोटात शिरली. शिरली ती पुढची वीस वर्षं पोटातच राहिली. बाहेर लावायची सोय स्कझीने केली होती, पण तिची कार्डं, जाड केबली आणि शेवटच्या टोकाला लावायचे टर्मिनेटर हे सगळं छापखाने, स्टुडिओ आणि विद्यापीठांना परवडणारं. घरच्या डेस्कटॉपला आयडीईची चपटी राखाडी पट्टी होती, ४० पिनांची.

आपल्याकडच्या पोरांनी त्यातूनही मार्ग काढला होता. २००० च्या आगेमागे ज्यांनी इंजिनिअरिंग केलं त्यांना विचारा. मित्राकडून सिनेमे आणायचे तर हार्ड डिस्क खोलायची, टॉवेलात गुंडाळायची, सायकलच्या कॅरियरला न लावता मांडीवर धरायची आणि तिकडे जाऊन जंपर मास्टरवरून स्लेव्हवर बदलायचा. थोडे पैसे असतील तर 'मोबाइल रॅक' घ्यायचा. सीडी ड्राइव्हच्या जागेत बसणारा खण, त्यात कुलूप आणि किल्ली, आणि डिस्कसकट बाहेर ओढता येणारा ट्रे. माझ्या मते भारतातल्या सामान्य माणसाचं पहिलं केसिंग हेच. फक्त ते कॉम्प्युटर बंद करूनच काढावं लागे.

हे बदललं यूएसबीने. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्या गटाचे एक प्रमुख अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. म्हणजे जगातली सगळ्यात जास्त वापरली जाणारी खोबण आणि गायकवाडांचं बडोदं यांचं असं नातं आहे. पण पहिल्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, डिस्कच्या काहीच कामाचा नाही. एप्रिल २००० मध्ये यूएसबी २.० आली, वेग ४८० मेगाबिट झाला आणि मग बाहेरची डिस्क शक्य झाली. कॉम्प्युटरने यूएसबीवरून डिस्कशी कसं बोलायचं याचे नियम थोडे आधी ठरले होते. त्यांच्या मुखपृष्ठावरची तारीख आहे '३१ सप्टेंबर १९९९'. सप्टेंबरला ३१ तारीख नसते. जगभरच्या पेनड्राइव्हांचा पाया असलेल्या कागदावर ही तारीख तशीच छापली गेली. आमच्या क्षेत्रात कागदपत्रं कोण किती वाचतं, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

केसिंगच्या आत एक दुभाषा असतो. डिस्कला आयडीई कळतं, नंतर साटा कळतं, आता एनव्हीएमई कळतं. डेस्कटॉपच्या खोबणीला फक्त यूएसबी कळतं. मधली ब्रिज चिप एकाचं दुसऱ्याला सांगते. धातूचा डबा, दिवा, लोगो हे सगळं शोभेचं. पैसे द्यायचे ते या दुभाष्याचे. जुन्या नियमाप्रमाणे तो एका वेळी एकच निरोप नेई, उत्तर आल्यावर दुसरा. नव्या, यूएएसपी नावाच्या पद्धतीत तो एकदम अनेक निरोप घेऊन जातो. केसिंगच्या खोक्यावर 'यूएएसपी' आणि 'ट्रिम' हे दोन शब्द आहेत का ते बघावं. रिअलटेक, एएसमीडिया, जेमायक्रॉन यांच्यापैकी कोणाची चिप आहे हे विक्रेत्याने सांगितलेलं असेल तर उत्तम, लपवलेलं असेल तर दुसरं केसिंग बघावं.

आता जरा साकोलीकडे येऊ. माझ्या मामाजींचा साकोलीजवळ फोटो स्टुडिओ आहे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटकांचा हंगाम सुरू होतो तो होळीपर्यंत. त्यातच दंडारी, खडी गंमत, आणि त्यापुढे लग्नं. मामाजींनी हे सगळं २००३ पासून मिनी डीव्ही टेपांवर टिपलं. एक तासाची टेप कॉम्प्युटरवर घेतली की १३ जीबी जागा जायची. टेप फायरवायरच्या केबलने डेस्कटॉपमध्ये ओतायची, कापायची, सीडी करून द्यायची आणि टेपवर पुढचं लग्न घ्यायचं. म्हणजे मूळ चित्रण उरलं असेल तर ते फक्त डिस्कवर. तेव्हा फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल मावत नसे, त्यामुळे खडी गंमतीतला एकेक सवाल-जवाब मधोमध तुटून दोन फायलींत गेलेला आहे. त्यात लोडशेडिंग. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण विदर्भात रोज कित्येक तास वीज नसायची, आणि यूपीएसची बॅटरी संपायच्या आत कॉपी पूर्ण करणं हा धंद्याचाच भाग होता.

कपाटात अशा १६ डिस्क जमल्या. काही मोठ्या, साडेतीन इंची, ज्यांना १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो. काही अडीच इंची, ज्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालतात, तेही कधीकधी दोन पिना लावल्यावर, कारण यूएसबी २.० ची खोबण नियमाने ५०० मिलिअँपियरच देते आणि फिरणाऱ्या तबकडीला सुरुवातीलाच त्याहून जास्त लागतं. दोन तोंडांची ती केबल आता पाहायलाही मिळत नाही. काही डिस्कवर मार्करने वर्ष लिहिलंय, काहींवर नुसतं 'मिक्स'. मी एक जुना डबा बाजूला काढला तर मामाजी म्हणाले, "थे फेकू नोको, त्यात अर्ध्या तालुक्याचे लगन हायेत."

लग्नांचं मला फार नाही. पण त्यातच खडी गंमतीच्या रात्री आहेत. त्यातले काही शाहीर आता नाहीत. त्यांची दुसरी ध्वनिफीत कोणाकडे असल्याचं मामाजींच्या ऐकिवात नाही. म्हणून हे काम हाती घेतलं, आणि काम करताना दिसलं की खरा अडथळा डिस्कचा कमी आणि तयार, बंद डब्यांचा जास्त आहे.

याचं कारण इतिहासातच आहे. कंपन्यांनी डिस्क आणि केसिंग एकत्र बंद करून विकायला सुरुवात केली आणि ग्राहकाला तेच सोयीचं वाटलं. पण बंद डब्याच्या आत तीन गोष्टी घडू शकतात. पहिली, काही अडीच इंची ड्राइव्हमध्ये यूएसबीची खोबण थेट डिस्कच्या सर्किटवरच झाळलेली असते. खोबण सैल झाली की आतली डिस्क दुसऱ्या केसिंगमध्ये घालताच येत नाही, कारण तिला साटाचं तोंडच नसतं. दुसरी, काही डब्यांतली ब्रिज चिप सगळा मजकूर आपोआप सांकेतिक करून लिहिते, तुम्ही पासवर्ड ठेवला असो वा नसो. चिप मेली की डिस्क धडधाकट असूनही आत फक्त कचरा दिसतो. तिसरी सर्वांत मजेशीर. जुन्या पद्धतीच्या पार्टिशनमध्ये २ टीबीच्या पुढे मोजता येत नसे, आणि विंडोज एक्सपीला तीच पद्धत कळायची. म्हणून ३ टीबीच्या काही डब्यांनी युक्ती केली: ५१२ बाइटचे आठ तुकडे मिळून ४०९६ चा एक, असं कॉम्प्युटरला सांगितलं. डब्यात असेपर्यंत सगळं ठीक. डिस्क काढून थेट डेस्कटॉपच्या साटा केबलला लावली की विंडोज म्हणते, ही डिस्क कोरी आहे, फॉरमॅट करू का? अशा वेळी 'नाही' म्हणायचं, पार्टिशन शोधणारं टेस्टडिस्कसारखं मोफत सॉफ्टवेअर चालवायचं किंवा तशीच चिप असलेला दुसरा डबा शोधायचा. मामाजींच्या १६ पैकी एक डिस्क अशी निघाली. त्यातल्या फायली सहीसलामत आहेत.

म्हणून माझा पहिला नियम: तयार बंद ड्राइव्हपेक्षा स्क्रूचं केसिंग आणि वेगळी एसएसडी. हे शक्य झालं ते अगदी अलीकडे. फ्लॅश मेमरी तशी जुनी. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये मांडली, तिचा नँड हा प्रकार १९८७ चा. सनडिस्क (तेव्हाचं स्पेलिंग वेगळं, म्हणजे शब्दशः 'सूर्य') या कंपनीने १९९१ मध्ये आयबीएमसाठी २० एमबीची एसएसडी केली. कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक कानपूरचे संजय मेहरोत्रा. त्या २० एमबीला तेव्हा १,००० डॉलरच्या आसपास मोजावे लागले. एनव्हीएमईचे नियम २०११ चे, एम.२ ही पट्टी २०१३ ची, टाइप-सी २०१४ ची. आणि एनव्हीएमईला यूएसबीशी बोलवणाऱ्या चिपा बाजारात आल्या २०१८ च्या सुमारास. त्याआधी हा आपला डबा अस्तित्वातच नव्हता.

डेस्कटॉपसाठी घेताना आधी पट्टी बघा. एम.२ च्या सगळ्या पट्ट्या सारख्या दिसतात, पण काही आतून साटा असतात, काही एनव्हीएमई. दोन खाचा असतील तर बहुधा साटा, एकच खाच असेल तर बहुधा एनव्हीएमई, आणि 'बहुधा'वर न जाता लेबल वाचावं. दोन्ही चालवणारी केसिंगं मिळतात, थोडी महाग. मग डेस्कटॉपची पाठ बघा. पुढच्या खोबण्या कॅबिनेटच्या आतून पातळ वायरीने येतात. मोठी कॉपी नेहमी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या खोबणीतून करावी. मामाजींचा डेस्कटॉप २०१४ सालचा, मागे दोनच निळ्या खोबण्या, वेग ५ गिगाबिट. त्याला २० गिगाबिटचं केसिंग घेऊन दिलं असतं तरी ते ५ वरच चाललं असतं. २० चा प्रकार तर नव्या डेस्कटॉपवरही क्वचित असतो, नसेल तर केसिंग गुपचूप १० वर उतरतं. यूएसबीवाल्यांनी यात नावांचा जो घोळ घातलाय त्याला तोड नाही: ३.० चं ३.१ जेन १ केलं, मग ३.२ जेन १ केलं, आणि वेग तोच राहिला. नाव सोडा, गिगाबिटचा आकडा वाचा. दहा गिगाबिटचं साधं केसिंग दीड-दोन हजारांत येतं आणि बहुतेकांना पुरतं.

आणि केबल. मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल तिथे बसते, चालते, आणि बहुतेकदा यूएसबी २.० च्याच वेगाने चालते. सेकंदाला ४० एमबी धरले तर १ टीबी कॉपी व्हायला जवळपास सात तास. केसिंगसोबत आलेल्या आखूड केबलने, १० गिगाबिटच्या खोबणीत, तेच काम कागदावर पाऊण तासाच्या आत संपतं. केसिंगची केबल केसिंगलाच रबर लावून ठेवावी.

उष्णतेबाबत पुण्या-मुंबईचे रिव्ह्यू आमच्या कामाचे नसतात. मे महिन्यात भंडाऱ्यात पारा ४५ च्या आसपास जातो. एनव्हीएमई पट्टी साधारण ७०-८० अंशांवर स्वतःचा वेग कमी करते. खोलीच ४० ची असेल तर तिला फार जागा उरत नाही. इथे पितळेच्या गावाला थोडं वाईट वाटेल अशी गोष्ट सांगतो. उष्णता वाहून नेण्यात या तिघांत तांबं पुढे, अ‍ॅल्युमिनियम त्याच्या निम्म्याच्या आसपास, आणि पितळ अ‍ॅल्युमिनियमच्याही निम्म्याजवळ, कारण तांब्यात जस्त मिसळलं की हा गुण झपाट्याने घसरतो. म्हणून डबी अ‍ॅल्युमिनियमची. पण पट्टी आणि डबी यांच्या मध्ये ते निळं किंवा राखाडी थर्मल पॅड हवंच, नाहीतर मध्ये हवा राहते आणि डबी थंड लागते, पट्टी भाजते. डबी हाताला गरम लागली म्हणजे ती काम करतेय. कॅबिनेटच्या वर, पंख्याच्या गरम झोतात मात्र ठेवू नये.

याहून गंभीर मुद्दा कपाटाचा आहे. एसएसडीत माहिती म्हणजे अडकवून ठेवलेला विद्युतभार. तो हळूहळू गळतो, आणि गरमीत लवकर गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने, तिचं लिहिण्याचं ठरलेलं आयुष्य पूर्ण संपल्यावर, वीज नसताना ३० अंशांत एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकवते. पण टीनच्या छपराखालचं लोखंडी कपाट ३० अंशांचं नसतं. फिरणारी डिस्क वर्षानुवर्षं पडून राहिली तरी तिच्यावरचं चुंबकत्व असं गळत नाही, तिचा धोका मोटर आणि मुंडक्याचा. त्यामुळे मामाजींची पद्धत, म्हणजे भरली की कपाटात, एसएसडीला चालत नाही. आम्ही ठरवलं ते असं: काम करायची आणि ने-आण करायची प्रत केसिंगमधल्या एसएसडीवर, आणि ठेवणीच्या दोन प्रती नव्या फिरणाऱ्या डिस्कवर, एक साकोलीला, एक माझ्याकडे. एसएसडी दर तीन महिन्यांनी लावायची आणि सगळ्या फायली एकदा वाचून काढायच्या, चेकसम जुळवत.

फॉरमॅटचा वाद होतो. फक्त विंडोजच असेल तर एनटीएफएस, कारण मध्येच वीज गेली तर ती स्वतःला सावरते. एक्सफॅट सगळीकडे चालते, मॅकवर, फोनवर, टीव्हीवर, पण वीज गेल्यावर तिची सावरण्याची व्यवस्था तोकडी आहे. साकोलीला अजूनही वीज जाते, म्हणून एनटीएफएस. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' आपोआप चालू असतं, तरी 'इजेक्ट' करूनच केबल काढायची. मामाजींना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी वीस वर्षं कॉपी संपेपर्यंत यूपीएसच्या शिट्ट्या मोजल्या आहेत.

सोळांपैकी अकरा डिस्क उतरवून झाल्या. एक वाजते आणि थांबते, तिला हात लावायचा नाही असं ठरलंय. राहिलेल्या चार आयडीईच्या, २००३ ते २००६ च्या, म्हणजे खडी गंमतीच्या सगळ्यात जुन्या रात्री त्यांतच आहेत. नव्या डेस्कटॉपला आयडीई नाही, आणि आयडीईचं केसिंग आता दुकानात सहज मिळत नाही. नागपूरला सीताबर्डीवरच्या एका दुकानदाराने नंबर लिहून घेतलाय. जुन्या मालात १२ व्होल्टच्या अडॅप्टरसकट एखादं सापडलं तर फोन करतो म्हणाला.